सुईबाई आणि दादांचा जोड

पाणीपुरवठ्याच्या बांधकामांवर काम केलेल्या माणसांकडून सुईबाईंविषयी जे ऐकायला मिळते, त्यातील बराचसा भाग टाकून द्यावा लागतो. बाई पंपाच्या अंगावर तळहात ठेवून आतला दोष ओळखतात, ही गोष्ट मला निरनिराळ्या ठिकाणी सांगण्यात आली. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती स्वतः पाहिलेली नव्हती. खुद्द बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हात ठेवला की पंप गरम आहे का गार, एवढं कळतं. ते कुणालाही कळतं." दुसरी गोष्ट अशी, की कामावरून भांडण होऊन त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणे टाकले. ही मात्र खरी आहे. फक्त ती अर्ध्या दिवसापुरती खरी आहे. त्या अर्ध्या दिवसाविषयी बाई, त्यांचे यजमान, भाऊ, वहिनी, तेव्हाचा वेल्डर आणि प्रकल्पाचे अभियंते या सर्वांशी मी स्वतंत्रपणे बोललो. पुढे लिहिले आहे ते त्यांच्या सांगण्यात जेवढे जुळले तेवढेच. जिथे जुळले नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

बाई यांत्रिक उभारणीच्या पर्यवेक्षक. पंपघराचे काँक्रीट वाळले, की लाकडी खोक्यांतून पंप, मोटरी आणि व्हॉल्व्ह येऊन पडतात. ते पायावर बसवायचे, पातळीत आणायचे, मोटर आणि पंप एका रेषेत जुळवायचे, त्यांना पाइप जोडायचे आणि पाणी वाहू लागले म्हणजे किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊन निघायचे, असे हे काम. पाना फिरवणारे हात इतरांचे असतात. बाई पाहतात, थांबवतात आणि जाऊ देतात. त्यांच्याजवळ खिशातल्या घड्याळाएवढे एक उपकरण असते. त्याला सगळे डायल म्हणतात. मोटरीच्या बाजूला ते घट्ट बसवायचे आणि त्याचे टोक पंपाच्या बाजूला टेकवायचे. पंप केसाच्या जाडीनेही सरकला, तर डायलवरची सुई सांगते. या सुईवरून बाईंचे नाव पडले. एका साइटशेजारच्या वस्तीत मुलांनी या नावाचा अर्थ आपल्या परीने लावला होता आणि बाई दिसल्या, की ती दंडावर हात ठेवून पळत. बाईंनी गैरसमज दूर केला नाही. "पोरं खोक्यांवर चढायची थांबली ना," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान शिंपी आहेत. डायल ठेवायला मऊ अस्तराची पिशवी त्यांनीच शिवून दिली आहे. त्यांचे म्हणणे असे: "घरात सुया दोन. माझी फाटलेलं जोडते, हिची जोडलेलं उघडायला लावते." यावर बाई हसत नाहीत, कारण लग्न झाल्यापासून त्या हे ऐकत आहेत.

बाईंना या धंद्यात आणले ते थोरल्या भावाने. शाळा संपल्यावर त्यांनी भावाच्या साइटवर भांडारात काम धरले. जोडांमध्ये घालायची गॅस्केट आणि बोल्ट मोजून द्यायचे. तिथे मोटरी जुळवणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांचे हात पक्के होते, पण डायलवरचे बारीक आकडे त्यांना दिसेनासे झाले होते आणि चष्मा लावणे त्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून भांडारातल्या मुलीला ते हाक मारून बसवत आणि सुई कुठे आहे ते वाचायला सांगत. मुलगी वाचता वाचता विचारू लागली, की सुई डावीकडेच का जाते. आजोबांनी आधी दटावले, मग सांगितले. पुढे आजोबा घरी बसले आणि डायल बाईंकडे राहिला.

भाऊ पाइप फिटर. त्यांना साइटवर दादा म्हणतात आणि मीही तसेच म्हणणार आहे. दादांचा लौकिक बहिणीपेक्षा मोठा होता, असे बहीणच सांगते. पाइपाच्या टोकाला बोल्टांची भोके असलेली जी चकती असते, तिला फ्लँज म्हणतात. दोन फ्लँज समोरासमोर आणून बोल्टांनी आवळले, की जोड तयार होतो. बांधकामात ते क्वचितच आपणहून समोरासमोर येतात. दादांकडे चेनपुली, पहार आणि लोखंडी पाचर असली, की पाइप कितीही रुसलेला असो, तो येऊन मिळत असे. वेल्डरच्या शब्दांत, "दादा पाइपाची समजूत काढायचे." त्यांनी केलेला जोड कापून पुन्हा करावा लागला, असे कधी घडले नाही, हे दादांना ठाऊक होते आणि इतरांना ठाऊक राहील याची ते काळजी घेत.

ज्या प्रकल्पाविषयी मी लिहितो आहे, त्यावर ही दोन भावंडे एकत्र आली ती योगायोगाने. यंत्रांचा ठेका एका कंपनीचा, पाइपांचा दुसरीचा. पंपाच्या फ्लँजपर्यंत बाईंची हद्द. तिथून पुढे दादांची. दादांचा उजवा खांदा तोवर निकामी होत आला होता. हात डोक्याच्या वर जात नसे, आणि ते चेनपुली डाव्या हाताने ओढत. याच पंपघरावर देखभालीची एक कायमची जागा निघणार होती. जागेबरोबर पंपघरामागचे दोन खोल्यांचे घर मिळणार होते. प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता, की तपासणीच्या दिवशी पंप वेळेवर आणि सुरळीत चालले, तर दादांचे नाव पुढे पाठवू.

या घरावर सर्वांत जास्त जीव होता तो वहिनींचा. नवरा आयुष्यभर गावोगावच्या लोकांच्या घरी पाणी पोहोचवत हिंडला आणि वहिनी मात्र एका खोलीत राहून व्हरांड्यातल्या सामाईक नळाला बादली लावत आल्या. त्या घर पाहून गेल्या होत्या. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी दोनदा सोडून बंद केला होता. पाणी यायचे होते, पण नळ फिरतो कसा ते त्यांना पाहायचे होते. खिडक्यांची मापे घेऊन त्यांनी नणंदेच्या यजमानांकडे पडद्यांचे कापडही दिले होते.

पंप तीन होते. दोन विनातक्रार बसले. तिसरा भिंतीलगतचा. भिंत ओतताना तिच्यात पाइपाचा जो तुकडा बसवतात, तो इथे किंचित कलला होता. त्यामुळे त्याला जोडलेला पाइप पंपाच्या फ्लँजपाशी येईपर्यंत बोटभर बाजूला जात होता. दादांनी तो चेनपुलीने ओढून आणला, पाचर मारली, बोल्ट भरले आणि आवळले. वरून पाहणाऱ्याला तिन्ही जोडांत फरक दिसला नसता.

बाईंची एक रीत आहे. सगळे आवळून झाले, की शेवटी त्या कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि पंप जिथे जोडले जातात तिथे, डायल लावतात आणि पाइपाचे बोल्ट सैल करायला सांगतात. सुई जागची हलली नाही, तर पाइप नुसता टेकलेला आहे. हलली, तर पाइप पंपाला ओढतो आहे, आणि बोल्टांनी फक्त ते झाकून ठेवले होते. ही तपासणी पुस्तकात आहे. घाईच्या दिवसांत ती बहुतेक ठिकाणी होत नाही.

"दादा, तिसऱ्याचे बोल्ट ढिले करायला सांग," बाई म्हणाल्या.

"कालच आवळलेत."

"म्हणूनच म्हणतेय."

"बाईंना आवळलेलं बघवतच नाही," वेल्डर म्हणाला. "उद्या आमच्या बुटांच्या नाड्या सोडायला लावतील."

"तुझ्या नाड्या सुटलेल्याच आहेत. बघ खाली," बाई डायलवरची नजर न काढता म्हणाल्या. वेल्डरने खरोखर खाली पाहिले. नाड्या बांधलेल्या होत्या, असे त्याने मला आवर्जून सांगितले.

पाना दादांनी स्वतःच घेतला. पहिले काही बोल्ट सैल झाले तोवर काही घडले नाही. मग पाइपातून एक टणक आवाज आला, दोन फ्लँजांमध्ये एका बाजूने नखाएवढी फट पडली आणि सुई अर्ध्या वर्तुळातून फिरली. हे वर्णन तिघांचेही एकसारखे आहे.

"डायलचं बूड सरकलं असेल," दादा म्हणाले.

बाईंनी डायल काढला, पुसला, पुन्हा बसवला. बोल्ट पुन्हा आवळायला लावले. सुई मूळ जागी परतली. पुन्हा सैल करायला लावले. सुई पुन्हा तिथेच जाऊन थांबली.

"चिमे, जरा बाहेर ये," दादा म्हणाले. लहानपणीचे हे नाव साइटवर वापरायचे नाही असे त्यांच्यात ठरलेले होते. वेल्डरला ते त्या दिवशी कळले.

बाहेर रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला दोघे उभे राहिले.

"पाइप आवळलेलाच राहू दे," दादा म्हणाले. "तू मोटर थोडी सरकव आणि पंपाशी जुळवून घे. मग सुई ठिकाणावर येईल. सगळे तसंच करतात."

"मला माहीत आहे सगळे काय करतात ते."

"मग अडलंय कुठे? कापून परत जोडायचं म्हणजे तपासणीची तारीख गेली. तारीख गेली की जागा गेली. त्यांच्याकडे दुसऱ्याचं नाव तयार आहे, वाटच बघतायत."

"दादा, तो पंपाला मुरगाळतोय."

"माझा खांदाही मुरगाळलेलाच आहे. चालवतोच आहे ना मी?"

बाई तशाच वळल्या. आत जाऊन त्यांनी माणसांना तिसऱ्या पंपाला हात लावू नका असे सांगितले आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. बोलणे टाकल्याची जी गोष्ट पसरली आहे, तिची सुरुवात इथे होते.

एरवी दोघे एकाच डब्यातून जेवत. त्या दिवशी बाई खोक्यावर बसल्या आणि दादा पंपघरात. वेल्डरला निरोप्या व्हावे लागले.

"दादा विचारतायत, मीठ आहे का."

"त्यांना सांग, डब्यात आहे."

वेल्डर जाऊन आला. "डबा तुमच्याकडे आहे, असं म्हणतायत."

"मग त्यांना सांग, इथे येऊन घ्या."

वेल्डर पुन्हा जाऊन आला. "मीठ नको म्हणाले."

जेवणानंतर बाईंनी घरी फोन केला. यजमानांनी सांगितले, की पडद्यांचे कापड बेतून झाले आहे, कात्री लावायची आहे. बाईंनी घडलेला प्रकार सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग थांबू का?" बाई म्हणाल्या, "नको. कापा." असे उत्तर का दिले, हे बाईंना आजही नीट सांगता येत नाही. मला यात धीर दिसतो. त्यांच्या यजमानांच्या मते ती नुसती घाई होती.

दुपार कलल्यावर बाई आपणहून दादांजवळ जाऊन बसल्या. हे बोलणे दोघांनी मला वेगवेगळे सांगितले आणि ते जवळजवळ शब्दशः जुळले.

"इतक्या ठिकाणी पाइप जोडलेस. त्यांतल्या एखाद्या ठिकाणी वर्षाने परत गेलायस कधी?"

"कशाला जाऊ? काम संपलं की निघायचं. पुढची साइट उभी असते."

"मी जाते. बेअरिंग गेलं, कपलिंगचं रबर झिजलं, सीलमधून पाणी येतंय, असं झालं की मला बोलावतात."

दादांनी बहिणीकडे पाहिले. "माझ्या जोडांवर?"

"हो. एकदा नाही."

"बोलली नाहीस कधी."

"तू पुढे गेलेला असायचास. मी मोटर सरकवून द्यायचे आणि यायचे. थोडे महिने बरं चालायचं. मग परत बोलावणं."

बाई पुढे म्हणाल्या, "तिथनं तू निघून गेलास. इथे राहणार आहेस. पंप घरघरायला लागला, की वहिनीच्या स्वयंपाकघरात ऐकू येणार. तेव्हा कुणाला बोलावशील?"

"वहिनीची भीती घालतेस होय मला?"

"दुसऱ्या कुणाला तू घाबरतोस?"

या संभाषणात जे निघाले, ते मला दादांच्या एकट्याच्या चुकीहून व्यापक वाटते. जोड करणारा माणूस त्या जोडाबरोबर कधी राहत नाही. पाइप ओढून आणण्याचे कसब ही दादांची कमाई होती, आणि तिची किंमत त्यांच्या माघारी पंप चुकवत होते. हे त्यांना दिसले नाही, कारण ते पाहायला ते तिथे नसत. कच्च्या फिटरच्या हातून हा दोष घडलाच नसता. त्याचा पाइप आलाच नसता आणि त्याने मुकाट्याने कापला असता.

दादा उठले आणि अभियंत्यांच्या खोलीकडे गेले. बाई तिथे नव्हत्या. पुढचे अभियंत्यांनी सांगितले आणि दाराशी रेंगाळणाऱ्या वेल्डरने त्याला दुजोरा दिला.

"साहेब, तिसऱ्याचा पाइप कापायचा आहे. तारीख पुढे घ्यावी लागेल."

"कुणी सांगितलं? बाईंनी?"

"मी सांगतोय. पाइप माझ्या हद्दीतला आहे."

अभियंते पंपघरात येऊन स्वतः सुई पाहून गेले. मग म्हणाले, "तारीख मी मागून घेतो. त्या जागेचं मात्र माझ्या हातात नाही. वर विचारतील उशीर कुणामुळे झाला, तर मला तुमचं नाव सांगावं लागेल."

"सांगा," दादा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी वहिनींना फोनवर कळवले. वहिनींनी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही स्वतःहून सांगितलंत का पकडले गेलात?" उत्तर मिळाल्यावर त्या म्हणाल्या, "मग जेवून घ्या." त्या रडल्या, असे दादांचे म्हणणे, सर्दी होती, असे वहिनींचे.

कापण्याची खूण दादांनी स्वतः खडूने काढली. गॅसची ज्योत शेवटच्या इंचावर आली आणि पाइप बाजूला उसळला. धरून ठेवलेला माणूस हात सुटताच मोकळा व्हावा तसा तो आपल्या जागी जाऊन बसला. दादा त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढा ओढला होता होय मी." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता, असे वेल्डर म्हणतो.

पुढचे काम दादांना सवयीच्या उलट करायचे होते. ओढायचे नव्हते. पाइप टेकूंवर ठेवून त्याला जिथे राहायचे आहे तिथे राहू दिले. पंपाच्या फ्लँजवर नवा फ्लँज बोटांनी बोल्ट भरून टेकवला आणि मधल्या अंतराच्या मापाचा तिरका तुकडा घडवून दोन्हीकडून वेल्ड करायला घेतला. वेल्डिंगची उष्णताही लोखंड ओढते, म्हणून बाई सुईसमोर बसून होत्या. थोडे वरून, थोडे खालून, पुन्हा थांबून, असे काम चालले.

"सुई?" दादा विचारत.

"जागेवर."

"आता?"

"जागेवर."

"आता बघ."

"दादा, वेल्डरने अजून पेटवलेलंच नाही. तुझ्या विचारण्यानेच हलेल ती."

जोड गार झाला, दाबाची चाचणी झाली आणि पुन्हा बोल्ट सैल करायची वेळ आली. पाना या वेळीही दादांच्याच हातात होता. एकेक बोल्ट सुटत गेला. पाइपातून आवाज आला नाही. दोन्ही फ्लँज एकमेकांना टेकून तसेच राहिले आणि सुई जिथे होती तिथेच राहिली. दादांनी एक बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि नुसत्या बोटांनी परत भोकात सरकवला. मग पुन्हा काढला, पुन्हा सरकवला.

"पुरे आता, झिजेल तो," बाई म्हणाल्या.

तपासणी उशिराने झाली आणि तिन्ही पंप चालले. यापुढचा भाग मात्र सगळीकडे चुकीचा सांगितला जातो. दादांच्या प्रामाणिकपणाने प्रसन्न होऊन मोठ्या साहेबांनी त्यांना जागा दिली, ही कथा ऐकायला चांगली आहे. तिला कसलाही आधार मला सापडला नाही. मोठ्या साहेबांनी उशिराबद्दल नाराजी कळवली होती आणि दुसऱ्या माणसाचे नाव खरोखरच नक्की झाले होते. तो माणूस बायकोला घेऊन घर पाहायला आला. बाजार किती लांब, शाळा कुठे, हे विचारून झाल्यावर तिने रिक्षातून उतरण्याचीही तसदी घेतली नाही. जागा रिकामी राहिली. पंप चालवायला कुणीतरी हवे होते, आणि अभियंत्यांनी तात्पुरता म्हणून जो माणूस सुचवला, तो दादा. तात्पुरत्याचे कायम व्हायला बराच काळ लागला. तोवर तिसऱ्या पंपाने एकदाही काम थांबवले नाही, एवढे मात्र मी पडताळून पाहिले आहे.

बाई सध्या दुसऱ्या एका प्रकल्पावर आहेत. मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत बसलो असताना वहिनींचा फोन आला. बाईंच्या हातात चहाचा कप होता, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"वन्सं, तुमच्या तिकडचं एखादं बिघडलेलं यंत्र असेल तर पाठवून द्या इकडे."

"का गं?"

"का म्हणजे? इथे काही बिघडतच नाही. हे दिवसभर तेल पुसत बसतात आणि मग घरात येतात. आज माझा मिक्सर उघडलाय."

"बंद पडला होता का?"

"चांगला चालत होता."

मागून दादांचा आवाज आला. "चालत होता, पण ओढून बसवला होता. स्क्रू सैल केल्याबरोबर उडालाच."

"तीन स्क्रू उरलेत, ते सांगा तुमच्या बहिणीला," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी कप खाली ठेवला. "दादा, मिक्सर खाली ठेव आणि तू पंपघरात जा," त्या म्हणाल्या. दादा गेले का ते कळले नाही. पलीकडून नळ सुटल्याचा आवाज आला आणि वहिनी भांडी घासता घासता, घाई नसलेल्या माणसाच्या आवाजात, मिक्सरची हकीकत पहिल्यापासून सांगू लागल्या.